इलेक्ट्रिक गाडी घेताय? मग रात्री ती उभी कुठे राहणार?

इलेक्ट्रिक गाड्यांवर हल्ली दोनच सुरांतल्या पोस्ट दिसतात. एका गटाच्या मते पेट्रोलचे दिवस भरलेत. दुसऱ्या गटाच्या मते हा सगळा फुगा होता आणि तो फुटलाय. दोन्ही बाजू आकडे फेकतात, आणि गंमत म्हणजे दोघांचेही आकडे खरे असतात.

२०२४ मध्ये जगभरात १.७ कोटींहून जास्त इलेक्ट्रिक गाड्या विकल्या गेल्या, प्लग-इन हायब्रिड (चार्जही होणाऱ्या आणि इंजिनही असलेल्या गाड्या) धरून. विकल्या गेलेल्या पाच नव्या गाड्यांत एक. २०२० मध्ये हाच आकडा ३० लाखांच्या आसपास होता. आता त्याच २०२४ मधली जर्मनी बघा. तिथे बॅटरीवरच्या गाड्यांची विक्री एका वर्षात २७ टक्क्यांनी पडली, कारण डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने अनुदान एका शनिवार-रविवारात गुंडाळून टाकलं. भाड्याने गाड्या देणाऱ्या हर्ट्झ कंपनीने २०२१ मध्ये एक लाख टेस्ला घेणार म्हणून गाजावाजा केला आणि जानेवारी २०२४ मध्ये २०,००० इलेक्ट्रिक गाड्या विकायला काढल्या. ज्याला जे सिद्ध करायचंय त्याने त्यातलं हवं ते उचलावं.

मी स्वतः इलेक्ट्रिक गाडी चालवतो आणि पुन्हा घेताना इलेक्ट्रिकच घेईन. पण ‘मीही घेऊ का?’ असं कुणी विचारलं की मी लगेच हो म्हणत नाही. रेंज, मॉडेल, बॅटरी हे सगळं नंतर. आधी एकच विचारतो: रात्री गाडी कुठे लावता आणि तिथे प्लग आहे का? या एका उत्तरावर तुमचा पुढच्या आठ-दहा वर्षांचा अनुभव ठरतो. माझं तर म्हणणं असं की इलेक्ट्रिक गाड्यांचा प्रसार कुठे धावतोय आणि कुठे अडलाय, हे कळायला गाड्यांपेक्षा पार्किंग बघावं.

कसं ते सांगतो. मध्यम आकाराची इलेक्ट्रिक गाडी साधारण १५ ते १८ युनिट विजेत १०० किलोमीटर जाते. भिंतीवरचा साधा जाड पिनचा सॉकेट, नीट अर्थिंग असलेला, दोन-अडीच किलोवॉट देतो. म्हणजे एका गीझरइतका भार. रात्रीच्या आठ-नऊ तासांत त्यावर शंभर-सव्वाशे किलोमीटरची सोय होते. रोज ऑफिसला जाऊन येणाऱ्यांपैकी किती जण एवढं चालवतात? बहुतेकांचं पन्नासच्या आत भागतं. म्हणजे ज्याच्याकडे हा साधा सॉकेट आहे, त्याचा ‘चार्जिंगला किती वेळ लागतो?’ हा प्रश्नच निकालात निघतो. गाडी लावली, वायर जोडली, झोपलो. सात किलोवॉटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवर बसवायचा खास चार्जर, असला तर उत्तमच, पण तो नसला म्हणून काही अडत नाही. ही गोष्ट विकणारे सांगत नाहीत, कारण त्यांना वॉलबॉक्सही विकायचा असतो.

आता ज्याची गाडी रस्त्याकडेला उभी राहते, किंवा सोसायटीने ज्याला प्लग नाकारलाय, त्याचं बघू. तो पूर्णपणे सार्वजनिक चार्जरवर अवलंबून. तिथली वीज घरच्या विजेपेक्षा महागच असते, अनेक ठिकाणी दुपटीहून जास्त. त्यात दर वेळी कुणी लुबाडतं असं नाही. फास्ट चार्जर म्हणजे महागडं यंत्र, वेगळा ट्रान्सफॉर्मर, मंजूर भारावरचा स्थिर आकार, जागेचं भाडं. आणि एवढं करून यंत्र दिवसातले बरेच तास रिकामं. तो खर्च युनिटमागे वसूल होणारच. वर सरकारंही हातभार लावतात. ब्रिटनमध्ये घरच्या विजेवर ५ टक्के व्हॅट लागतो आणि सार्वजनिक चार्जिंगवर २० टक्के. म्हणजे ज्याच्याकडे बंगला आणि गॅरेज आहे त्याला ५, आणि जो फ्लॅटमध्ये राहून रस्त्यावर गाडी लावतो त्याला २०. असा उफराटा कर मी दुसरीकडे क्वचितच बघितलाय.

पैशांपलीकडचा वैताग वेगळाच. अ‍ॅपमध्ये चार्जर हिरवा दिसतो आणि जागेवर जावं तर स्क्रीन काळी. एका कंपनीचं कार्ड दुसरीकडे चालत नाही. कुणीतरी ९० टक्क्यांवरून १०० करत निवांत बसलेला असतो. (मंडळी, ८० टक्क्यांनंतर बॅटरी वेग मुद्दाम कमी करते. शेवटच्या वीस टक्क्यांसाठी फास्ट चार्जर अडवून ठेवू नका. तेवढा वेळ मागच्याला द्या.) लांबच्या प्रवासात हे सगळं मीही सहन करतो. पण ते वर्षातून थोडे दिवस. माझ्या एका मित्राने मात्र घरी प्लग नसताना इलेक्ट्रिक गाडी घेतली. दर तीन-चार दिवसांनी रात्री जेवण झाल्यावर चार्जर शोधत निघायचं आणि पाऊण तास गाडीत फोन बघत बसायचं. शेवटी त्याने ती विकली आणि आता तो सगळ्यांना सांगत फिरतो की इलेक्ट्रिक गाड्या बेकार आहेत. गाडी तीच, माझ्याकडे आहे तीच कंपनी, तेच मॉडेल. त्याचं चुकतंय असंही मला म्हणता येत नाही.

यात नवीन काही नाही. १९०० च्या सुमाराला अमेरिकेत रस्त्यावरच्या मोटारींपैकी एक तृतीयांशाहून अधिक विजेच्या होत्या. खुद्द हेन्री फोर्डची बायको क्लारा डेट्रॉइट इलेक्ट्रिकची गाडी चालवायची. पुढे विजेची गाडी का हरली, याची कारणं सगळ्यांना पाठ असतात: फोर्डची स्वस्त मॉडेल टी आली, टेक्सासात तेल सापडलं, १९१२ मध्ये कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा सेल्फ स्टार्टर आला आणि हँडल मारून इंजिन सुरू करायची कटकट संपली. सगळं खरं. पण त्या काळात तिथल्या बहुतेक घरांत वीजच पोचली नव्हती, याकडे फारसं कुणी बघत नाही. पेट्रोलचा डबा खेड्यातल्या दुकानात मिळायचा. वीज मिळायची ती शहरातल्या श्रीमंतांच्या गॅरेजमध्ये. शंभर वर्षांनी बॅटरी कुठल्या कुठे गेली, पण गॅरेजवाला आणि बिनगॅरेजवाला हा फरक आहे तिथेच आहे.

नॉर्वेचं उदाहरण प्रत्येक जण देतो, म्हणून त्यावर थोडं सविस्तर. २०२४ मध्ये तिथे विकलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळपास ८९ टक्के पूर्ण बॅटरीवरच्या होत्या, २०२५ मध्ये ९५ टक्क्यांच्या वर. हे एका रात्रीत झालेलं नाही. १९८९ मध्ये बेलोना या पर्यावरण संस्थेचा फ्रेडरिक हाउगे आणि ‘आ-हा’ या पॉप बँडमधली मंडळी एक विजेवर चालणारी फियाट पांडा घेऊन टोलनाक्यांवरून टोल न भरता जाऊ लागली. दंड साचत गेला, सरकारने गाडी जप्त करून लिलावात काढली, आणि यांनी ती परत विकत घेऊन पुन्हा तोच प्रकार सुरू केला! पुढे आयात कर गेला, १९९७ मध्ये टोल माफ झाला, २००१ मध्ये व्हॅट गेला, मग बसच्या लेनमधून जायची मुभा मिळाली. पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांवर मात्र जबर कर कायम राहिला. म्हणजे तिथे इलेक्ट्रिक गाडी नुसती स्वस्त केली नाही, दुसरी महागही ठेवली. आणि एवढं धोरण तीसेक वर्षं, सरकारं बदलली तरी, टिकवलं. जर्मनीच्या त्या एका वीकेंडशेजारी हे ठेवून बघा.

‘त्यांच्याकडे पैसा आहे, जलविद्युत आहे’ हा आक्षेप मला मान्य आहे. त्यांची बहुतांश वीज पाण्यापासून बनते आणि देशाची तिजोरी तेल-वायू विकून भरलेली आहे, हा विरोधाभासही आहेच. पण आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: तिथे मोठ्या संख्येने लोक स्वतंत्र किंवा जोडघरांत राहतात, गाडी दारात लावतात आणि रात्री घरीच चार्ज करतात. नॉर्वेचं यश हे करसवलतीचं आहे तितकंच दारातल्या प्लगचंही आहे. करांची नक्कल कुणीही करू शकतं. दारांची कशी करणार?

तिथलाच आणखी एक तपशील. नॉर्वेत नोंदणीकृत इलेक्ट्रिक गाड्या पेट्रोल गाड्यांच्या पुढे गेल्या त्या सप्टेंबर २०२४ मध्ये, आणि तेव्हाही डिझेलच्या गाड्या सर्वांत जास्त होत्याच. नव्या विक्रीचे आकडे आणि रस्त्यावरचं चित्र यांत वर्षांचं अंतर असतं. जगभर बघितलं तर २०२४ च्या शेवटी रस्त्यावरच्या गाड्यांत इलेक्ट्रिक जेमतेम ४ टक्के. तेव्हा ‘क्रांती झाली’ म्हणणाऱ्यांनीही जरा दमानं घ्यावं.

गर्दीच्या इमारतींत राहणाऱ्या देशांनी नॉर्वेपेक्षा चीनकडे बघावं. तिथे २०२४ मध्ये विकलेल्या जवळपास निम्म्या नव्या गाड्या इलेक्ट्रिक होत्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा तशाच पेट्रोल गाडीपेक्षा स्वस्त. स्वस्त बॅटरीचं श्रेय मोठंच, एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) या बॅटरीतल्या स्वस्त रसायनाने खेळ बदलला. पण २०१५ मध्येच त्यांच्या सरकारने नव्या निवासी इमारतींत पार्किंगच्या १०० टक्के जागांवर चार्जिंग बसवा किंवा त्याची पूर्वतयारी करून ठेवा असं धोरण काढलं होतं. गाड्या यायच्या आधी! स्पेनमध्ये २००९ पासून सदनिकाधारकाने स्वतःच्या पार्किंगच्या जागेत स्वखर्चाने चार्जिंग बसवायचं असेल तर सोसायटीला नुसतं कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. जर्मनीने डिसेंबर २०२० पासून फ्लॅटमालकांना चार्जिंगची मागणी करायचा हक्क दिला. लंडनमध्ये दिव्याच्या खांबांवर सॉकेट बसवलेत, रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांसाठी. हळू चार्ज होते, पण रात्र मोठी असते.

मला विचाराल तर गाडीवर अनुदान देण्यापेक्षा हा खर्च शहाणपणाचा. अनुदान एका मालकाला मिळतं आणि गाडीबरोबर संपतं. भिंतीतली केबल त्या जागी पुढे येणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडते.

सोसायटीच्या मीटिंगा मी बऱ्याच ऐकल्यात, त्यामुळे हरकती तोंडपाठ आहेत. पहिली, ‘लोड झेपणार नाही.’ सगळ्यांनी संध्याकाळी सातला एकदम सात-सात किलोवॉट ओढले तर खरंच झेपणार नाही. पण तसं करायची गरजच नाही. भार वाटून देणारी यंत्रणा मिळते. रात्री उरलेली क्षमता ती जोडलेल्या गाड्यांत विभागते, आणि सकाळी सगळ्या गाड्या तयार असतात. दुसरी, ‘आग लागेल.’ लिथियम बॅटरीची आग विझवायला अवघड असते, ती पुन्हा भडकू शकते, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र गाड्यांच्या संख्येच्या प्रमाणात बघितलं तर पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांपेक्षा इलेक्ट्रिक गाड्या कमी पेटतात, स्वीडनसारख्या देशांच्या नोंदी तेच सांगतात. खरा धोका खिडकीतून लोंबत आणलेल्या एक्स्टेंशन कॉर्डचा असतो, आणि परवानगी नाकारली की नेमकं तेच होतं. तिसरी हरकत सगळ्यांत प्रामाणिक: ‘आज याला दिलं तर उद्या सगळे मागतील.’ मागतीलच की! म्हणून तर एकेकाला वायर ओढू देण्यापेक्षा एकदाच मुख्य केबल, पॅनेल आणि सबमीटरची सोय करायची.

बॅटरीच्या आयुष्याची भीती मला आता तितकीशी वाटत नाही. ती भीती काही प्रमाणात निसानच्या पहिल्या लीफमुळे पसरली. २०१० च्या त्या गाडीत बॅटरी थंड ठेवायला द्रव फिरवण्याची व्यवस्था नव्हती, आणि अ‍ॅरिझोनाच्या उन्हात तिची क्षमता भराभर घटली. आताच्या बहुतेक गाड्यांत ती व्यवस्था असते आणि आठ वर्षांची वॉरंटी सर्रास मिळते. तरी जुनी गाडी घेताना बॅटरीच्या तब्येतीचा विश्वासार्ह कागद हवाच. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२७ पासून बॅटरीला डिजिटल पासपोर्ट, म्हणजे तिच्या माहितीची ऑनलाइन नोंद, लागणार आहे, ते बरं होईल.

आणि या जुन्या गाड्यांपाशी मला खरी काळजी वाटते. इलेक्ट्रिक गाड्यांची पुनर्विक्रीची किंमत झपाट्याने पडते, हर्ट्झचं बरंचसं नुकसान त्यातूनच झालं. मालकाला त्रास, पण घेणाऱ्याची चांदी. तीन-चार वर्षं जुनी, उत्तम अवस्थेतली गाडी आता अशा घरांच्या आवाक्यात येतेय ज्यांनी नवी कधीच घेतली नसती. फक्त जुनी गाडी घेणारे पुष्कळसे लोक भाड्याच्या घरात राहतात, ठरलेलं पार्किंग नसतं, आणि घरमालक म्हणतो, तुम्ही अकरा महिन्यांनी जाणार, मी कशाला वायरिंग करू? गाडी स्वस्त झाली आणि तिच्यात भरायची वीज सर्वांत महाग पडते ती नेमकी यांनाच. फ्लॅटमालकांच्या हक्कांवर निदान कायदे होतायत. भाडेकरूंबद्दल फार थोड्या ठिकाणी कुणी बोलतंय.

आमच्या इमारतीत माझी जागा मीटररूमला लागून, म्हणून मला कनेक्शन सहज मिळालं. बाकीच्यांसाठी मुख्य केबल टाकायचा ठराव तत्त्वतः मंजूर आहे, पण ज्यांच्याकडे आज इलेक्ट्रिक गाडी नाही त्यांनी खर्च उचलायचा का, यावर गाडं अडलंय. तुमच्याकडे हे जमलं असेल तर वाटणी कशी केलीत, तेवढं खाली लिहा. पुढच्या मीटिंगला ते छापून नेणार आहे.