ईडीएसवरून थेट ऑक्साइड ठरवू नका

लोखंडी उल्कापाषाणांतल्या कणांविषयीच्या एका लेखात म्हटलंय, ‘ईडीएसमध्ये क्रोमियमबरोबर ऑक्सिजन दिसला, म्हणजे तो कण क्रोमाइट (क्रोमियम-लोखंडाचं ऑक्साइड)’. हे विधान घाईचं आहे. ईडीएस म्हणजे इलेक्ट्रॉन बीम पाडून निघणाऱ्या क्ष-किरणांच्या ऊर्जेवरून मूलद्रव्यं ओळखण्याची पद्धत. क्रोमियमचा एल-अल्फा पीक (त्याच्या कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांचा) ०.५७३ केईव्हीवर येतो आणि ऑक्सिजनचा ०.५२५ वर. ईडीएसला हे दोन्ही नीट वेगळे करता येत नाहीत. शेजारी ०.३९२ वर नायट्रोजनचा छोटासा पीक असतो, तो सॉफ्टवेअर खुशाल दुर्लक्षित करतं. मग कार्ल्सबर्गाइट, म्हणजे क्रोमियम नायट्राइड, ऑक्साइड म्हणून नोंदला जातो. खात्री डब्ल्यूडीएसवरच करावी; ती क्ष-किरण तरंगलांबीनुसार वेगळे करते, म्हणून जवळचे पीकही सुटे दिसतात.

शिवाय कॅमेसाइटमधल्या (उल्केतल्या लोखंड-निकेल मिश्रधातूमधल्या) कार्ल्सबर्गाइटच्या पट्ट्या जेमतेम एक-दोन मायक्रॉन जाड. २० केव्हीचा बीम भोवतीचं लोखंडही मोजतो. १० केव्हीवर क्रोमियमची के-रेषा मिळते आणि भोवतीच्या लोखंडाची भेसळ बरीच कमी होते. मोजणी नायटल (अल्कोहोलमधलं नायट्रिक आम्ल, एचिंगसाठी म्हणजे पृष्ठभाग कोरण्यासाठी) लावण्याआधी, नुसत्या पॉलिश केलेल्या पृष्ठभागावर करा, कारण एचिंगनंतर लोखंड खचतं आणि कणाच्या कडा उंच राहतात. आणि मुंबईत पॉलिशचा शेवटचा हात पाण्याने नको, निर्जल अल्कोहोलने द्या आणि नमुना लगेच सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये ठेवा. जुलैच्या दमट हवेत क्लोराइड असलेला तुकडा उघडा राहिला की गंज धरतो. त्या गंजातला ऑक्सिजन खराच असतो, पण त्या खनिजाचा नाही.