मिस्टर बीन बोलता येत नाही म्हणून गप्प नव्हता

मिस्टर बीनचा तो फॉरवर्ड पुन्हा सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. वर बीनचा फोटो, खाली 'हार मानू नका' आणि मधे ही गोष्ट: रोवन ॲटकिन्सन सामान्य घरातला मुलगा. बोलताना अडखळायचा म्हणून शाळेत पोरं चिडवायची, शिक्षकांनाही त्याच्याकडून फारशी आशा नव्हती. सगळ्यांना खोटं पाडत तो ऑक्सफर्डला पोचला. तिथे अभिनयाचं वेड लागलं, पण जिभेनं साथ दिली नाही. टीव्हीवाल्यांनी एकामागून एक नकार दिले. मग त्यानं न बोलणारा मिस्टर बीन घडवला आणि हिरोसारखा चेहरा नसताना जग जिंकलं. काही ठिकाणी शेवटी तिखटमीठ म्हणून त्याचा आयक्यू १७८ असल्याचंही जोडलेलं असतं.

यातलं जे खरं आहे ते आधी मान्य करून टाकतो. ॲटकिन्सन अडखळतो, आणि ते त्यानं लपवलेलंही नाही. दुसऱ्या कुणाचं पात्र रंगवताना अडखळणं नाहीसं होतं, हेही त्यानंच मुलाखतीत सांगितलंय. शाळेत चिडवलं असेल, तर त्यावरही माझा वाद नाही. पोरं कुणालाही चिडवतात. वाद आहे तो त्यावर रचलेल्या कथेशी.

'सगळ्यांना खोटं पाडत ऑक्सफर्ड.' ॲटकिन्सनचा जन्म ६ जानेवारी १९५५चा, इंग्लंडच्या ईशान्येकडच्या डरहॅम परगण्यातल्या कॉन्सेट गावचा. वडिलांची शेती होती आणि एका कंपनीचं संचालकपदही. चार भावांत हा धाकटा. शिक्षण डरहॅमच्या कॉरिस्टर स्कूलमध्ये (ब्रिटनचा माजी पंतप्रधान टोनी ब्लेअरही तिथलाच) आणि पुढे सेंट बीज या बोर्डिंग शाळेत. त्यानंतर न्यूकॅसल विद्यापीठातून त्यानं इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. फॉरवर्डमध्ये हे न्यूकॅसल गायबच आहे, कारण मग ऑक्सफर्डची उडी तितकी चमत्कारिक दिसत नाही. १९७५ साली तो एमएससीसाठी ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजात गेला. त्याच कॉलेजात १९३५ साली त्याच्या वडिलांनी प्रवेश घेतला होता! बापाच्या कॉलेजात पोरगा गेला, यात नेमकं कोण खोटं पडलं?

'ऑक्सफर्डमध्ये बोलण्याच्या अडचणीमुळे अभिनय जमेना.' इथे तर गाडी थेट उलट्या दिशेनं धावते. ॲटकिन्सनचा नट झाला तोच मुळी ऑक्सफर्डमध्ये. विद्यार्थ्यांच्या विनोदी कार्यक्रमांत त्याची गाठ रिचर्ड कर्टिसशी पडली. पुढे 'फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल' हा सिनेमा लिहिणारा तो हाच. संगीताला हॉवर्ड गुडॉल होता. १९७६ साली ही मंडळी एडिंबरोच्या फ्रिंज या नाट्यमहोत्सवात पोचली होती. म्हणजे इकडे स्वतःला जुळवून घेणाऱ्या नियंत्रण यंत्रणांवर प्रबंध आणि तिकडे रंगमंचावर नकला, असा दुहेरी उद्योग चालू होता.

'टीव्हीवाल्यांनी नाकारलं.' तारखा लावून बघू. १९७८च्या सुमारास त्याचं एमएससी संपलं. १९७९मध्ये आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीवर 'कॅन्ड लाफ्टर' हा एका भागाचा विनोदी कार्यक्रम आला, तोही त्यानंच लिहिलेला. त्याच वर्षी बीबीसीच्या रेडिओ ३वर त्याची मालिका झाली. जूनमध्ये ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेच्या मदतीसाठी लंडनला मोठा कार्यक्रम झाला, तिथे तो जॉन क्लीझसारख्या विनोदातल्या दिग्गजांच्या पंगतीत उभा होता. ऑक्टोबरात बीबीसी टूवर 'नॉट द नाईन ओक्लॉक न्यूज' ही विनोदी मालिका सुरू झाली आणि चोविसाव्या वर्षी हा घराघरात पोचला. नकारांची ती लांबलचक रांग यातल्या कोणत्या महिन्यात बसवायची? एखाददुसरा नकार कुठल्याही नटाच्या वाट्याला येतो. पण इथे हातात पदवी आल्यावर वर्षभरात राष्ट्रीय वाहिनी मिळाली आहे. १९८१ साली तर रंगमंचावरच्या विनोदी कामासाठी त्याला ऑलिव्हिए हा ब्रिटिश नाट्यपुरस्कारही मिळाला.

आता मुख्य मुद्दा, ज्यावर अख्खा फॉरवर्ड उभा आहे: 'बोलता येईना म्हणून मुकं पात्र.'

बीन पडद्यावर आला १ जानेवारी १९९० रोजी. त्याआधीची दहा वर्षं इंग्लंडला ॲटकिन्सन माहीत होता तो बोलणारा म्हणूनच, आणि तेही साधंसुधं बोलणारा नाही. ॲम्नेस्टीच्या त्या कार्यक्रमात त्यानं केलेला मास्तर आजही बघायला मिळतो. काळा झगा घातलेला एक खत्रूड मास्तर वर्गाची हजेरी घेतोय, बस्स. समोर एकही पोरगा नाही. नुसती आडनावं, एकापेक्षा एक चमत्कारिक, आणि प्रत्येक आडनावाबरोबर न दिसणाऱ्या पोराकडे एक नजर. एका नावाला तुच्छता, दुसऱ्याला संशय, तिसऱ्याला नुसताच कंटाळा. विनोद सगळा उच्चारात आहे. गंमत अशी की ॲटकिन्सनला सर्वांत जास्त छळणारं अक्षर म्हणजे 'ब', आणि हजेरीत दुसरंच नाव येतं बॅबकॉक, लगेच तिसरं ब्लँड. मजकुरात त्यानं वाट काढून ठेवलेली नाही. त्या 'ब'वर तो असा काही तुटून पडतो की अडखळायला जागाच उरत नाही.

मग १९८३ साली 'ब्लॅकॅडर' आली. चार पर्वं, प्रत्येकी सहा भाग. पहिलं पर्व कर्टिस आणि ॲटकिन्सननं मिळून लिहिलं. दुसऱ्यापासून लेखनात ॲटकिन्सनच्या जागी बेन एल्टन आला. ही मालिका म्हणजे निव्वळ शब्दांचा खेळ: लांबलचक वाक्यं, उपमांवर उपमा, अपमान करण्याची एक नजाकत. ॲटकिन्सनचा एडमंड ब्लॅकॅडर बोटही न हलवता समोरच्याला सोलून काढतो. दुसऱ्या पर्वात एक मुलगी मुलाच्या वेषात त्याच्याकडे नोकरीला येते आणि स्वतःचं नाव बॉब सांगते. पुन्हा 'ब', आणि तोही दोन्ही टोकांना. ॲटकिन्सन 'बॉब' कसा म्हणतो ते एकदा ऐकाच. ओठ मिटतात, क्षणभर सगळं थांबतं आणि टाळी वाजावी तसा शब्द बाहेर फुटतो. त्या एका उच्चारावर तिकडचे लोक आजही हसतात. अडचण लपवण्याऐवजी त्यानं तिचाच विनोद केला, आणि तोही भर संवादात, मोठ्यानं. ज्यांनी ॲटकिन्सनला फक्त बीन म्हणून पाहिलंय, त्यांनी इतकं तरी बघावंच. आपल्याकडे केबलवर बीन आला, ब्लॅकॅडर तितका पोचला नाही. हा फॉरवर्ड इथे इतका खपतो त्यामागे मला तरी हेच कारण दिसतं.

'ब्लॅकॅडर'चं शेवटचं पर्व नोव्हेंबर १९८९ला संपलं. दोन महिन्यांत बीन. इंग्रजी टीव्हीवरचा सर्वांत बोलघेवडा माणूस स्वतःच्या मर्जीनं गप्प झाला, ही खरी गोष्ट. या पात्राची बीजं ऑक्सफर्डच्या दिवसांतली आहेत, एवढं खरं. पण त्याचा कस लागला १९८७मध्ये, माँट्रियलच्या विनोद महोत्सवात. आयोजकांनी इंग्रजी कार्यक्रम देऊ केला असताना त्यानं मुद्दाम फ्रेंच प्रेक्षकांसमोर उभं राहणं मागून घेतलं. इंग्रजीचा आधार काढून घेतला तर हे पात्र टिकतं का, हे त्याला तपासायचं होतं. जिभेच्या भीतीनं कुणी असला प्रयोग करत नाही. समोर आदर्श होता जाक ताती या फ्रेंच नट-दिग्दर्शकाचा. आणि बीन पुरता मुकाही नाही. अधूनमधून तो घशातून खरखरत शब्द ओढून काढतो, त्यातला एक म्हणजे स्वतःचंच नाव. 'ब'पासून पळणाऱ्या माणसानं आपल्या पात्राचं नाव बीन कशाला ठेवलं असतं?

मुक्या विनोदालाही लेखणी लागते. बीनच्या लेखकांत ॲटकिन्सन स्वतः, कर्टिस आणि रॉबिन ड्रिस्कॉल आहेत. पहिल्या भागातली गणिताची परीक्षा आठवा. बीन त्रिकोणमिती घोकून आलाय, लिफाफ्यातून निघालेली प्रश्नपत्रिका कॅल्क्युलसची. मग शेजाऱ्याच्या पेपरात डोकावण्याचे सगळे प्रकार होतात. वेळ संपत आल्यावर पर्यवेक्षक सूचना देतो तेव्हा कळतं, लिफाफ्यात त्रिकोणमितीचीही प्रश्नपत्रिका होती. हा शेवटचा धक्का चेहरे वेडेवाकडे करून साधत नाही. कुठली माहिती प्रेक्षकाला कधी द्यायची हे आधी कागदावर ठरवावं लागतं.

चेहऱ्याबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. विनोदी नटाला रबरासारखा चेहरा मिळणं ही अडचण कधीपासून झाली? आयक्यू १७८चं म्हणाल, तर ॲटकिन्सनची तशी कोणतीही चाचणी जाहीर झालेली नाही. आकडा कुणीतरी चिकटवला आणि तो चिकटून राहिला. ॲटकिन्सन अंथरुणाला खिळलाय असं सांगत फिरलेला फोटोही बनावट होता. त्याच्या मरणाच्या अफवा तर दर एक-दोन वर्षांनी उठतात, त्या आल्या तशा खोडून टाकाव्यात.

राहिला 'न बोलता जग जिंकलं' हा शेवटचा डायलॉग. ऑक्टोबर २०१२मध्ये लंडनच्या संसद भवनात ॲटकिन्सन एका मोहिमेसाठी भाषणाला उभा राहिला. मागणी होती ब्रिटनच्या सार्वजनिक सुव्यवस्था कायद्यातल्या कलम ५मधला 'अपमानास्पद' हा शब्द काढून टाकण्याची, कारण त्या शब्दाच्या जोरावर पोलीस भलत्याच माणसांना धरत होते. पोलिसाच्या घोड्याला 'गे' म्हणाला म्हणून अटक झालेल्या ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्याचं उदाहरण त्यानं दिलं. ख्रिस्ती संघटना आणि निधर्मीवादी संघटना एरवी एकमेकींचं तोंड बघत नाहीत, पण त्या मोहिमेत दोघी एकाच बाजूला होत्या. अंगावर कुठलं पात्र नव्हतं, ना ब्लॅकॅडर ना बीन. भाषण रोवन ॲटकिन्सनचं होतं, आणि विषय होता बोलण्याचं स्वातंत्र्य. पुढच्याच वर्षी संसदेनं तो शब्द कलमातून काढला.