गाडी उशिराने धावते, उशिरा येत नाही

नाशिकहून सकाळच्या गाडीने मुंबई गाठायची असेल, तर डब्यात पोळीभाजी नंतर भरा, आधी थोडं व्याकरण करून घ्या. गाडीला उशीर होतो ही आपली अडाणी समजूत आहे. घोषणा नीट ऐका: 'गाडी आपल्या नियोजित वेळेपेक्षा पन्नास मिनिटे उशिराने धावत आहे.' धावत आहे! त्या क्षणी ती लासलगावच्या आसपास सिग्नलला खिळून असेल, आतले प्रवासी खिडकीतून कांद्याच्या गोण्या मोजत असतील, तरी ती धावतेच आहे. बसलेले फक्त तुम्ही आहात. तेही बाकडं मिळालं तर.

स्टेशनच्या नावापासून शिका. नाशिकरोड. शहरातल्या शालिमार भागातून रिक्षा केली, द्वारकेच्या चौकात अर्धा जन्म काढला, असं करत नऊ-दहा किलोमीटर गेलात की हे स्टेशन येतं. म्हणजे नावातच आधी कबूल करून ठेवलंय की बाबांनो, हे नाशिक नाही, नाशिकचा रस्ता आहे. एकदा जाहीर केलं की तक्रारीला जागा उरत नाही. पुढचं सगळं याच तत्त्वावर चालतं.

आता 'वेळेवर' हा शब्द घ्या. मेल-एक्सप्रेस वेळेवर आली की नाही, याचा हिशेब शेवटच्या स्टेशनावर होतो आणि तिथेही पंधरा मिनिटांची माफी असते. शिवाय वेळापत्रकात शेवटच्या टप्प्याच्या सुमारास थोडी जास्तीची मिनिटं आधीच पेरून ठेवलेली असतात. त्याला 'रिकव्हरी टाइम' म्हणतात. समजा, गाडी नाशिकरोडला पस्तीस मिनिटं उशिरा आली, पेरलेली मिनिटं खात खात गेली आणि मुंबईला दहा मिनिटं उशिरा टेकली. नोंद काय? वेळेवर. मग तुम्ही फलाटावर उभ्याने काढलेल्या पस्तीस मिनिटांचं काय झालं? काही नाही, ती झालीच नव्हती. तुम्हाला मधल्या स्टेशनावर राहायची हौस, त्याला कोण काय करणार? शेवटच्या स्टेशनावर घर घ्या, तुमचंही आयुष्य वेळेवर चालेल.

घाटाबद्दल मात्र वाकडं बोलू नका. कसारा घाटातून १८६५ पासून गाड्या चालतात. चढ ३७ फुटांना १ फूट. मुंबईहून येणाऱ्या बऱ्याच गाड्यांना आजही कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लावून इगतपुरीपर्यंत ढकलत आणावं लागतं. पावसाळ्यात तिथे दरड आली असं कळलं, तर मी तरी निमूट घरी परततो. माझं भांडण आहे ते 'तांत्रिक कारणास्तव'शी. एकदा मी चौकशीच्या खिडकीवर विचारलं, "साहेब, नक्की कोणतं तांत्रिक?" त्यांनी रजिस्टरमधून मान न उचलता सांगितलं, "तांत्रिक." मागे रांगेतल्या मावशी म्हणाल्या, "अहो, मांत्रिक तरी नाही ना, समाधान माना."

गाडी रद्दच झाली तर घाबरू नका. ऑनलाइन काढलेल्या तिकिटाचं भाडं आपोआप परत येतं. राहतं ते सुविधा शुल्क. तेही बरोबरच आहे. गाडी मिळाली नाही, पण सुविधा तर झाली ना? तुम्ही जिथून चढणार त्या स्टेशनावर गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि तुम्ही प्रवास केला नाहीत, तरीही पूर्ण भाडं मिळतं. फक्त गाडी तिथून प्रत्यक्ष निघायच्या आत टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज, भरलेला हवा. आता तुमची परीक्षा. मोबाइलवर गाडी दोन तास पन्नास मिनिटं लेट दिसतेय. दहा मिनिटांनी बघता, दोन तास पंचावन्न. पुन्हा दहा मिनिटांनी, तरी दोन तास पंचावन्न. अशा वेळी मनात 'अजून थोडी उशिरा ये गं बाई' असं येऊ लागलं, की समजा तुमचं शिक्षण पूर्ण झालं. आयुष्यात प्रथमच तुम्ही आणि उशीर एका बाजूला आहात.

घरीही ही भाषा चालवून बघा. भाजी आणायला निघालात आणि कोपऱ्यावर मित्राबरोबर चहा पिऊन रिकाम्या पिशवीने परतलात, तर 'आजची फेरी गंगापूर रोडला शॉर्ट टर्मिनेट करण्यात आली' असं सांगा. मी सांगितलं होतं. रात्री ताटात भात होता, वरण रीशेड्यूल झालं होतं.

कोर्टात मात्र ही भाषा नेऊ नका. २०१६ मध्ये एक कुटुंब रेल्वेने जम्मूला चार तास उशिरा पोचलं, श्रीनगरचं विमान चुकलं, टॅक्सी करावी लागली. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. २०२१ मध्ये कोर्ट म्हणालं, उशीर का झाला ते पुराव्यानिशी सांगा आणि तो आपल्या हाताबाहेरचा होता हे दाखवा. नाहीतर भरपाई द्या. नुसत्या टॅक्सीचे १५,००० रुपये द्यावे लागले. 'प्रवाशांना होणाऱ्या असुविधेबद्दल आम्ही दिलगीर आहोत' हे वाक्य एवढं घासूनपुसून तयार केलेलं, पण तिथे कुणी ऐकूनही घेतलं नाही.

हे सगळं मला शिकवलं आमच्या एका पासधारक काकांनी. त्यांची पंचवीस-तीस वर्षं या फलाटावर गेली. इंडिकेटरकडे ते बघतही नाहीत, मोबाइल तर खिशातच असतो. ते चहावाल्याच्या किटलीकडे बघतात. त्याने किटली उचलली, ग्लासांची जाळी हातात घेतली आणि फलाटाच्या कडेला सरकला, की गाडी ओढ्याहून, म्हणजे आधीच्या स्टेशनाहून, सुटली म्हणायचं.

परवा त्याने किटली उचलली. आम्ही सगळे उठलो, पिशव्या खांद्याला लावल्या, कुणी बाकड्यावर पसरलेला पेपर घडी केला. तो कडेपर्यंत गेला, मनमाडच्या दिशेने मान लांब करून बघितलं, परत आला आणि किटली खाली ठेवून फडक्याने पुसू लागला. काकांनी पेपर पुन्हा उघडला.