वजन उचलल्याने मुलांची उंची खुंटते का? एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

वार्षिक परीक्षा संपल्या आणि मुलाला जिममध्ये किंवा तालमीत घालण्याचा विषय घरात निघाला, की सांगली-मिरजेकडच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत मुलांना वजनाला हात लावू देऊ नये, असे त्यात बजावलेले असते आणि त्यासाठी पाच कारणे दिलेली असतात. वजनाने हाडांची वाढीची टोके दबतात आणि उंची खुंटते. वेटलिफ्टर बुटके दिसतात, हाच त्याचा पुरावा. कोवळ्या वयात पुरेसे हार्मोन नसल्यामुळे ताकद तर वाढत नाहीच, उलट दुखापत होते. मुलींच्या पाळीवर आणि पुढे बाळंतपणावर परिणाम होतो. आणि आपले जुने पैलवान वजने न उचलताच तयार झाले. खाली कुणातरी डॉक्टरांचे नाव असते, आणि ते दर वेळी वेगळे असते. ज्या सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो वजनगटात दोन्ही प्रकार मिळून २४८ किलो वजन उचलून रौप्यपदक मिळवले, त्याच सांगलीत हा मजकूर बिनदिक्कत पुढे ढकलला जातो, म्हणून तो मुद्द्यागणिक तपासणे भाग आहे.

उंचीच्या मुद्द्यापासून सुरुवात करू, कारण बाकीचा मजकूर त्याच्याच जोरावर उभा आहे. मांडी, नडगी, दंड अशा लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक थर असतो, त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. या थरातल्या पेशी विभागत राहतात, मागे पडलेल्या पेशींच्या जागी हाड तयार होत जाते आणि अशा रीतीने हाडाची लांबी वाढते. किशोरवयाच्या अखेरीस हा थर पूर्णपणे हाडात बदलला की उंची वाढायची थांबते. तो कशामुळे बंद होतो, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे: मुलगा असो वा मुलगी, हे काम मुख्यतः इस्ट्रोजेन हे हार्मोन करते. १९९४ मध्ये एका २८ वर्षांच्या पुरुषाची वैद्यकीय नोंद प्रसिद्ध झाली. जन्मजात दोषामुळे त्याच्या शरीरावर इस्ट्रोजेनचा परिणामच होत नव्हता. त्याची उंची २०४ सेंटिमीटर झाली होती आणि तरीही त्याच्या ग्रोथ प्लेट उघड्याच होत्या. सर्वसाधारणपणे मुलींच्या बहुतेक ग्रोथ प्लेट १४ ते १६ आणि मुलांच्या १६ ते १८ या वयात बंद होतात. म्हणजे मजकुरातला अठराचा आकडा हाडांवरून आलेला नाही. तो मतदार यादीवरून आला असावा, अशी शंका येते.

वजनाने हाडांवर भार येतो हे खरे आहे, पण तो केवळ वजनानेच येतो असे नाही. धावताना प्रत्येक पावलागणिक जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट बल पायावर येते, आणि कंपाउंडच्या भिंतीवरून उडी मारणाऱ्या मुलाच्या गुडघ्यांना त्याहून कितीतरी अधिक सोसावे लागते. ग्रोथ प्लेटला इजा होऊच शकत नाही, असेही कुणी म्हणत नाही. लहान मुलांच्या अस्थिभंगांपैकी सुमारे १५ ते ३० टक्के अस्थिभंगांत ग्रोथ प्लेट सापडते. मात्र ते प्रामुख्याने पडण्यामुळे, वाहनांच्या अपघातांमुळे आणि मैदानी खेळांतल्या धडकांमुळे होतात, आणि वेळेवर उपचार झाल्यास त्यांतले बहुतेक वाढीवर परिणाम न होता भरून येतात. सायकल चालवू नका, असा मजकूर मात्र कुणी पाठवत नाही.

ही भीती निर्माण कशी झाली, हे पाहण्यासारखे आहे. १९६४ मध्ये टोकियोत भरलेल्या क्रीडाविज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत काटो आणि इशिको या जपानी संशोधकांनी दुर्गम भागात जड ओझी वाहणाऱ्या मुलांविषयी निबंध मांडला होता. ही मुले ठेंगणी होती आणि त्यांच्या गुडघ्याजवळच्या ग्रोथ प्लेट लवकर बंद झालेल्या आढळल्या. परंतु ती बालमजूर होती. अतिश्रम आणि अपुरे अन्न हे दोन्ही त्यांच्या वाट्याला एकत्रच आले होते, त्यामुळे वाढ ओझ्याने अडली की उपासमारीने, हे त्या निरीक्षणावरून सांगता येत नाही. पुढे १९७० च्या दशकात डोक्यावर जड वजन ढकलताना मनगटाची ग्रोथ प्लेट दुखावलेल्या काही किशोरांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. त्यांत देखरेखीशिवाय, झेपेल त्यापेक्षा अधिक वजन उचलण्याचेच प्रकार ठळक होते. या दोन धाग्यांवरून आठवड्यातून दोनदा शिक्षकासमोर पाच किलोचा बार उचलणाऱ्या, घरी पोटभर जेवणाऱ्या मुलाविषयी निष्कर्ष काढला गेला. जपानमधल्या त्या मुलांशी ज्यांची परिस्थिती खरोखर जुळते, ती मुले आपल्याकडे जिममध्ये नसतात. ती गळीत हंगामात ऊसतोडीला आलेल्या आईबापांबरोबर फडात मोळ्या वाहत असतात, आणि त्यांच्या उंचीची काळजी करणारा मजकूर निदान माझ्या पाहण्यात आलेला नाही.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२० मध्ये या विषयावर वैद्यकीय अहवाल प्रसिद्ध केला. योग्य आखणी आणि देखरेख असलेल्या ताकदीच्या व्यायामाचा उंचीच्या वाढीवर, ग्रोथ प्लेटवर किंवा हृदयावर काहीही वाईट परिणाम दिसत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्याआधी २०१४ मध्ये अनेक देशांतील तज्ज्ञांनी मिळून काढलेले निवेदनही हेच सांगते. जागतिक आरोग्य संघटना तर त्याही पुढे जाते: ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल करावी आणि त्यात आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम असावा, अशी तिची २०२० ची शिफारस आहे. अठरापर्यंत थांबायचे, तर या शिफारशीचे संपूर्ण वय निघून जाते.

वेटलिफ्टर बुटके असतात, हा युक्तिवाद कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करतो. ५५ किंवा ६१ किलोच्या गटात उंच माणूस टिकणे अवघड असते, कारण तेवढ्याच वजनात त्याच्या लांब हाडांवर स्नायू कमी बसतात आणि बार वर नेण्याचे अंतरही त्याला जास्त पडते. म्हणून हलक्या गटांत ठेंगणे खेळाडू पुढे येतात. वजनाची मर्यादा नसलेल्या गटाकडे पाहिले की चित्र बदलते. जॉर्जियाचा लाशा तलाखाद्झे हा सलग तीन ऑलिंपिकचा सुवर्णविजेता १९७ सेंटिमीटर उंचीचा आहे. बास्केटबॉल खेळल्याने किंवा सकाळी बारला लटकल्याने उंची वाढते, ही समजूतही याच चुकीतून आलेली आहे. उंचीतील माणसामाणसांमधला फरक बहुतांशी आनुवंशिक असतो आणि उरलेल्यात सर्वांत मोठा वाटा बालपणीच्या आहाराचा व आजारपणांचा असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आहेत. या बालकांनी कोणतेही डंबेल उचललेले नाही.

ताकद वाढत नाही आणि दुखापत होते, या तिसऱ्या कारणाचे दोन्ही भाग चुकीचे आहेत. वयात येण्यापूर्वी स्नायू फारसे फुगत नाहीत, एवढे खरे. पण ताकद वाढते, कारण मेंदू आणि मज्जातंतू स्नायूंचे अधिक तंतू एकाच वेळी आणि योग्य क्रमाने कामाला लावायला शिकतात. आठ ते बारा आठवड्यांत ताकद सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याचे निष्कर्ष वारंवार आले आहेत. दुखापतींबाबत १९९४ मध्ये ब्रिटनमधील हॅमिल यांनी शालेय वयाच्या खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध केली. तीत दर १०० तासांमागे फुटबॉलमध्ये ६.२० दुखापती, तर वजनाच्या व्यायामात ०.००३५ दुखापती नोंदल्या गेल्या. ही पाहणी प्रश्नावलीवर आधारलेली होती, त्यामुळे नेमक्या आकड्याला फार कवटाळू नये, परंतु दोहोंतला फरक इतका प्रचंड आहे की प्रश्नावलीतल्या त्रुटींनी तो पुसला जाणार नाही. मुलांना जिममध्ये होणाऱ्या इजांचे स्वरूपही सांगण्यासारखे आहे. अमेरिकेतील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांतील नोंदींचा २००९ मध्ये अभ्यास झाला, तेव्हा ८ ते १३ वयोगटातल्या इजांपैकी दोन-तृतीयांश इजा हातापायांच्या पंजांना झालेल्या आढळल्या: लोखंडी प्लेट पायावर पडलेली, नाहीतर रॅकवर बार ठेवताना बोटे चेमटलेली. मुले जिममध्ये असताना कुणीतरी लक्ष ठेवले आणि प्लेट जागच्या जागी लावलेल्या असल्या, की यांतल्या बऱ्याच इजा टळतात.

या सगळ्यात मजकूर ज्याविषयी अवाक्षरही काढत नाही, ती गोष्ट हाडांच्या बळकटीची आहे. कॅनडातील सॅस्कॅचेवान येथे मुलांच्या हाडांची वर्षानुवर्षे मोजणी करून १९९९ मध्ये असे दाखवले गेले, की प्रौढपणी हाडांत असणाऱ्या खनिजांपैकी सुमारे २६ टक्के खनिजे जोमदार वाढीच्या अवघ्या दोन वर्षांत भरली जातात. हा काळ मुलींमध्ये साडेबाराच्या आणि मुलांमध्ये चौदाच्या आसपास येतो. म्हणजे सातवी ते नववीची ही वर्षे, ज्यांत वजनापासून लांब राहा असे मजकूर सांगतो. २००१ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉनमध्ये सहा ते दहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी १०० उड्या, ६१ सेंटिमीटर उंचीच्या खोक्यावरून मारायला लावण्यात आल्या. उतरताना पायांवर शरीराच्या वजनाच्या आठपट बल येत होते. सात महिन्यांनी या मुलांच्या मांडीच्या हाडाच्या मानेत, केवळ ताणाचे व्यायाम करणाऱ्या मुलांच्या तुलनेत, खनिजांची ४.५ टक्के अधिक भर पडलेली होती आणि कमरेच्या मणक्यांत ३.१ टक्के. म्हातारपणी न्हाणीघरात पाय घसरल्यावर जे हाड मोडते ते हेच.

मुलींविषयीचे कारण तर पूर्णपणे उलटे आहे. फिनलंडमधील टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या स्त्रियांच्या १९९५ मधील अभ्यासात दोन्ही दंडांच्या हाडांची तुलना केली गेली. पाळी सुरू होण्याआधी किंवा सुरू होतानाच खेळायला लागलेल्या स्त्रियांच्या खेळत्या हातातील हाडाचा फायदा, पाळीनंतर १५ वर्षांहून अधिक काळाने खेळू लागलेल्यांच्या दोन ते चार पट होता. व्यायाम करणाऱ्या मुलींची पाळी अनियमित होते किंवा थांबते, हे घडते. परंतु त्याचे कारण वजन नसून व्यायामाच्या मानाने कमी पडणारे जेवण हे असते आणि म्हणून उपायही ताटात वाढण्याचा आहे. संकेतची बहीण काजोल सरगर हिने २०२२ च्या जूनमध्ये हरयाणात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत ४० किलो गटात वेटलिफ्टिंगचे सुवर्णपदक जिंकले, तेव्हा ज्या व्हॉट्सअॅप गटांवर तिची छायाचित्रे फिरली, त्यांतल्या काहींवर पुढच्याच सुट्टीत हा मजकूरही फिरला.

राहता राहिले जुने पैलवान. जोर काढताना हातांवर शरीराच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भार येतो, म्हणजे ४५ किलोचा मुलगा प्रत्येक जोरागणिक ३० किलोच्या आसपास वजन ढकलत असतो, आणि आपल्याकडे असे जोर शेकड्यांनी मोजले जात. मुद्गल, करेल, गदा आणि नाल ही तालमीतली साधने वजने नव्हेत तर काय आहेत? शिवाय जत्रेत रेवड्यांवरच्या कुस्तीत दहा वर्षांचा पोरगा आपल्याएवढ्याच पोराला कमरेतून उचलून आपटतो, तेव्हा तो स्वतःच्या वजनाइतका, हलणारा आणि विरोध करणारा भार उचलत असतो. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, ज्यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, त्यांना पैलवान असलेल्या वडिलांनी लहान वयातच कुस्तीची गोडी लावली होती. तालीम चालते आणि डंबेल चालत नाही, या भूमिकेला शरीरशास्त्रात आधार नाही.

वाढ खरोखर अडवणाऱ्या दोन गोष्टी आखाड्याच्या आणि जिमच्या आसपास आहेत, आणि त्यांचा उल्लेख मजकुरात नाही. पहिली म्हणजे खालच्या गटात बसण्यासाठी किशोरवयीन मल्लांनी उपाशी राहून, पाणी तोडून वजन उतरवणे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, हंगामात कमी खाणाऱ्या शालेय मल्लांच्या वाढीशी संबंधित हार्मोनांत बिघाड झालेला आणि स्नायूंची वाढ मंदावलेली आढळली. हंगाम संपून जेवण पूर्ववत झाल्यावर ती भरून निघाली. त्याच वर्षी अशा रीतीने वजन उतरवताना तेथील महाविद्यालयांतले तीन मल्ल काही आठवड्यांच्या अंतराने दगावले आणि वजन मोजण्याचे नियम बदलावे लागले. दुसरी गोष्ट इंजेक्शनांची. टेस्टोस्टेरॉनच्या जातीच्या अनेक स्टिरॉइडांचे शरीरात काही प्रमाणात इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होते आणि ग्रोथ प्लेट वेळेआधी बंद होतात. सोळा वर्षांच्या मुलाची उंची त्याने कायमची अडू शकते. महाराष्ट्रात पोलिसांनी वेळोवेळी पकडलेले मेफेन्टरमाइन हे तर भूल दिलेल्या रुग्णाचा उतरलेला रक्तदाब वाढवण्यासाठीचे औषध आहे. त्याने स्नायू वाढत नाहीत, हृदयाची धडधड मात्र वाढते.

ज्यांनी खरोखर थांबावे अशी मुलेही आहेत आणि त्यांची यादी छोटी आहे: हृदयाचा स्नायू जाड होण्याचा विकार असलेली, आटोक्यात न आलेला तीव्र रक्तदाब असलेली, फुप्फुसांतील रक्तदाब वाढलेली, महारोहिणी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) फुगलेली आणि हृदयाला इजा करणारी कर्करोगाची काही औषधे घेतलेली. त्यांच्याबाबत निर्णय हृदयरोगतज्ज्ञांनी घ्यायचा असतो. इतरांनी सात-आठ वर्षांचे झाल्यावर, तोल सांभाळता येतो आणि सांगितलेले ऐकता येते एवढे पाहून, आधी केवळ शरीराच्या वजनावर आणि मग हलक्या बारवर, आठवड्यातून दोन ते तीन दिवस, लागोपाठ दोन दिवस न घेता हा व्यायाम सुरू करावा आणि ढब बिघडू न देता दहा-बारा वेळा उचलता येऊ लागले, तरच वजन थोडेसे वाढवावे.