हसून ब्लॉक विरघळत नाहीत, मामा

आमच्या मामाने अकरा दिवस गोळ्या घेतल्या नाहीत. गेल्या वर्षीच स्टेंट बसलेला माणूस. मामीला कळलं ते गोळ्यांची पट्टी होती तेवढीच भरलेली दिसली तेव्हा. गोव्यातल्या साखळी गावाहून तिचा रडवेला फोन, आणि मागून मामा ओरडतोय, "अगो, टेन्शन देऊ नको, त्यानेच अटॅक येतो!"

हे ज्ञान त्याला भजनी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मिळालं होतं. निरोपाचा मजकूर थोडक्यात असा: हृदयविकार नव्वद टक्के टेन्शनमुळे होतो; कोलेस्टेरॉल हे औषध कंपन्यांचं थोतांड; रोज अर्धा तास खळखळून हसलात की ब्लॉक विरघळतात, मग गोळ्या कशाला; आणि सुशेगाद, म्हणजे निवांत जगणाऱ्या, गोवेकराला पूर्वी हार्ट अटॅक ठाऊकच नव्हता. खाली हात जोडलेले आणि एक गुलाब.

नव्वद टक्के कुणी मोजले, ते निरोपात नाही. सोडून देऊ.

कोलेस्टेरॉल थोतांड? काही मुलांना आईबाप दोघांकडूनही जन्मजात दोष येतो आणि त्यांचं कोलेस्टेरॉल भयंकर वाढलेलं असतं. त्यातल्या काहींना शाळकरी वयातच हृदयविकार होतो. त्यांना काय, दहावीच्या परीक्षेचं टेन्शन होतं?

आता ते विरघळण्याचं. इथे मला खरा राग येतो. धमनीच्या अस्तराखाली चरबी साचून, त्यावर पेशींची गर्दी होऊन, कुठे चुना धरून तो थर वर्षानुवर्षं तयार होतो. नळात धरलेला क्षार नळाजवळ बसून हसल्याने निघतो का? आणि मन सुधारून हृदय वाचतं का, हे अमेरिकेत करून पाहिलेलं आहे. 'एनरिच्ड' नावाचा अभ्यास, २००३ साली प्रसिद्ध झाला. नुकताच अटॅक येऊन गेलेले २,४८१ रुग्ण, कुणी खिन्न, कुणी एकाकी. निम्म्यांना मानसोपचार दिले, गरज पडली तिथे नैराश्यावरची गोळीही. मन सुधारलं, फार नाही पण सुधारलं. मृत्यू आणि पुन्हा येणारे अटॅक मात्र दोन्ही गटांत सारखेच, साधारण चारांत एकाला. तेसुद्धा हृदयाची नेहमीची औषधं चालू असताना! आणि हा निरोप म्हणतो, ती बंद करा.

मामाच्या बाबतीत तर हे जिवावरचंच. स्टेंट म्हणजे धातूची जाळी. तिच्यावर धमनीचं अस्तर नीट चढेपर्यंत रक्ताला ती परकी वाटते आणि तिथे गुठळी धरू शकते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या त्यासाठीच असतात. त्या कधी थांबवायच्या ते डॉक्टर सांगतील, भजनी मंडळ नव्हे.

बरं, टेन्शनचा काहीच संबंध नाही का? आहे, नाइलाजाने कबूल करतो. धक्का बसला की अ‍ॅड्रेनलिन वाढतं, नाडी आणि रक्तदाब चढतो, रक्त गोठायला उत्सुक होतं. १७ जानेवारी १९९४ला पहाटे लॉस एंजेलिसजवळ भूकंप झाला. एरवी त्या परगण्यात हृदयविकाराने दिवसाला चार-पाच माणसं अचानक दगावायची, त्या दिवशी चोवीस दगावली. पण पुढचे काही दिवस हा आकडा नेहमीपेक्षाही खाली गेला. म्हणजे ज्यांच्या धमन्या आधीच बिघडलेल्या होत्या, बहुधा त्यांनाच त्या पहाटेने उचललं. धक्का निमित्त झाला. घर आतून आधीच पोखरलेलं होतं. अटॅकनंतर खिन्न राहणाऱ्यांचं पुढे जास्त बिघडतं हेही खरंच, कारण त्यातले बरेच जण चालणं सोडतात, गोळ्या चुकवतात. आमचा मामा खूश राहून चुकवत होता, एवढाच फरक.

सुशेगाद गोवेकराचं काय बोलायचं? बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, हृदयविभागात एकदा चक्कर मारून यावं. पूर्वी कुणी छातीत कळ येऊन गेला की 'वायू झाला' म्हणायचे आणि पुढच्या तयारीला लागायचे. ईसीजी कुणी काढला होता?

मामाला त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या परत सुरू झाल्या. वाळवंटी नदीच्या काठावर सकाळी हसायला तो अजून जातो, खुशाल जावो. पण अकरा दिवसांत त्याने हा निरोप सात जणांना पाठवला होता. त्यातल्या दोघांना स्टेंट आहे. त्यांचे नंबर मागून घेतलेत, जेवण झालं की फोन करतो.