नाचता येईना, अंगण तेलकट

बोलिंगमधली माझी सरासरी १३८ आहे. क्रिकेटमधली नव्हे; लेन नावाच्या लांब पट्टीवरून जड बॉल घरंगळवून टोकाच्या दहा पिना पाडायच्या, ते बोलिंग. ज्यांना या खेळातलं काही कळत नाही त्यांना हा आकडा भारदस्त वाटतो, म्हणून सांगलीला फोन केला की मी तो आवर्जून सांगतो. ३०० पैकी, हे सांगत नाही.

खेळतो डेट्रॉइटच्या एका उपनगरात, दर मंगळवारी रात्री. टीममध्ये आम्ही चौघं. त्यातले सगळ्यात ज्येष्ठ म्हणजे मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक गोरे आजोबा. मनातल्या मनात मी त्यांना अण्णा म्हणतो. आमच्या गल्लीत कॅरमचे एक अण्णा होते, कोणी सोपी सोंगटी चुकवली की ते काही न बोलता चहाचा कप खाली ठेवायचे. हे अण्णाही तसेच. फक्त कपात चहा नसतो.

एका मंगळवारी माझे लागोपाठ तीन बॉल भलतीकडेच वळून सगळ्या पिनांच्या डावीकडून निघून गेले. खुर्चीकडे येईपर्यंत मी मनगट चोळायला सुरुवात केली होती. तेवढ्यात अण्णाच म्हणाले, "तुझी चूक नाही. लेनवरचं तेल संपलंय."

मला आधी खरंच वाटेना. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण ऐकत मी लहानाचा मोठा झालो. गणितात नापास झालो तेव्हा ऐकली, स्कूटर घसरली तेव्हा ऐकली, लग्नात उखाणा विसरलो तेव्हा तर दोन्ही बाजूंनी ऐकली. आणि इथे सत्तरीचा एक माणूस मला शांतपणे सांगत होता की बाळा, अंगण खरोखर वाकडं आहे, आणि किती वाकडं आहे ते मोजता येतं.

तर ते अंगण असं असतं. फाउल लाइनपासून, म्हणजे बॉल टाकताना ओलांडायची नाही त्या रेषेपासून, पहिल्या पिनेपर्यंत ६० फूट. रुंदी साडेएक्केचाळीस इंच, त्यात ३९ बोर्ड, म्हणजे फळ्या. पूर्वी त्या खऱ्याच असत, सुरुवातीला मेपल आणि पुढे पाइन. लाकूड झिजू नये म्हणून त्यावर तेल द्यायचे. आता बहुतेक लेन सिंथेटिक आहेत, फळ्या नुसत्या चित्रातल्या, पण तेल राहिलं, कारण सगळा खेळच आता त्या तेलावर चालतो. लीग सुरू व्हायच्या आधी एक मशीन घरघरत प्रत्येक लेनवरून जातं. आमच्या सेंटरमध्ये ते पहिल्या ४० फुटांना तेल लावतं, शेवटचे २० फूट कोरडे. मध्ये थर जाड, कडांना पातळ. मध्यावर कडेच्या दहापट तेलसुद्धा असतं. आणि हे सगळं मिळून एका लेनला साधारण २५ मिलिलिटर. आमच्या घरी तेवढ्यात बटाट्याच्या भाजीची फोडणी होत नाही.

दिसत मात्र काहीच नाही. डोळे बारीक करून बघा, वाकून बघा, लेन आपली चकचकीत. कॅरम खेळलेल्या माणसाला हे लगेच कळावं खरं तर. बोरिक पावडर कोणी आपल्या बाजूला जास्त टाकली यावरून आमच्याकडे बोलणं बंद झालेली दोन घरं आहेत. पण ती पावडर निदान दिसायची, नाकात जायची. हा गुप्त कारभार.

आता अंगण वाकडं असेल तर चप्पल बदलायला हवी, या न्यायाने मी नवीन बॉल घ्यायचं ठरवलं. तोवर सेंटरचा, सगळ्यांच्या बोटांनी गुळगुळीत झालेला प्लास्टिकचा बॉल वापरत होतो. तो एरवी सरळ जातो. तेल पार संपेपर्यंत त्याला कशाशी घेणंदेणं नसतं, सरकारी कारकुनासारखा तो आपल्या मार्गाने जातो. वळणारे बॉल वेगळे. त्यांचं कवच रिॲक्टिव्ह रेझिनचं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हे आले आणि खेळ बदलून गेला. तेलावर ते घसरतात, कोरड्या भागावर आले की पकड घेतात आणि पिनांकडे वळतात. आत गाभा असतो, तोही मुद्दाम वेडावाकडा केलेला.

दुकानातल्या माणसाने माझा हात असा तपासला की वैद्याने नाडी बघावी. आंगठा किती मागे वळतो, मधलं बोट आणि अनामिका कुठवर पोचतात, वेढा किती, सगळं मापून त्याने १५ पौंडांच्या, म्हणजे पावणेसात किलोंच्या गोळ्याला तीन भोकं पाडली. छिद्रणासकट २३० डॉलर. देताना तो म्हणाला, "लगेच मत बनवू नकोस. निदान तीन वेगवेगळ्या लेनवर टाकून बघ. किती पिना पडल्या ते लिहू नकोस, बॉल कुठे वळला ते लिही." मी वही घेतली. मराठी माणसाला वही घ्यायला एवढं निमित्त पुरतं.

त्या वेळी आई इथे आली होती, सहा महिन्यांसाठी. तिने पेटी उघडलेली बघितली आणि विचारलं, "नारळ एवढा मोठा? आणि काळा?"

तीन डोळे होतेच. मी समजावून सांगितलं. किंमत तिने रुपयांत करून घेतली आणि थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "नवीन वस्तू आहे, कुंकू लावल्याशिवाय वापरू नकोस." पण घरभर पांढरा गालिचा आणि कुंकवाची डबी एकदा सांडलेली, त्यामुळे तिने पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं, एक मरून रंगाची मखमली टिकली काढली आणि बॉलवर चिकटवली. डोळ्यांपासून लांब, उजव्या अंगाला. "भोकांजवळ नको, तुझं बोट लागून निघेल." दोन बोटं टेकवून नमस्कार केला. मीही केला. न करण्याची सोय नव्हती.

पहिली परीक्षा शनिवारी सकाळी, नुकतं तेल दिलेल्या लेनवर. अण्णा मोबाइलवर चित्रीकरण करायला आले होते. आई मागच्या खुर्चीवर, अंगात माझं जाकीट, मांडीवर डबा. मी उजवीकडून दहाव्या बोर्डावर नेम धरून बॉल सोडला. ते अडीच सेकंद मी अजून विसरलेलो नाही. बॉल आधी नुसता सरपटत गेला, जणू त्याला पिनांशी काही कर्तव्यच नाही. चाळिसाव्या फुटाच्या आसपास त्याने दम घेतला. मग एकदम आठवण झाल्यासारखा डावीकडे वळला आणि पहिल्या आणि तिसऱ्या पिनेच्या फटीत घुसला. आवाजच वेगळा येतो. प्लास्टिकचा बॉल पिना पाडतो, हा त्यांना उधळतो. दहाच्या दहा. "बाटल्या सगळ्या पडल्या," मागून आवाज आला.

वहीत लिहिलं: ताजी लेन, सुंदर वळण, बॉल उत्कृष्ट. शेजारी दोन तारे काढले. पुढचे चार बॉल वेगळे चार मार्गांनी गेले, पण आधीच मत झाल्यामुळे ते नोंदवले नाहीत.

दुसरी परीक्षा त्याच रात्री, लीगचे लोक तीन तास खेळून गेल्यावर. प्रत्येक बॉल जाताना थोडं तेल पिऊन जातो, थोडं पुढे ओढून नेतो. त्यामुळे जिथे असायला हवं तिथे ते उरत नाही आणि जिथे नको तिथे त्याचे ओघळ. पहिलाच बॉल लेनच्या अर्ध्यात वळला आणि पहिल्या पिनेच्या चुकीच्या बाजूने आत शिरला. याला ब्रुकलिन म्हणतात. पिना पडतात, पण मान खाली घालून परत यायचं असतं. अण्णा म्हणाले, पाय दोन बोर्ड डावीकडे, नजर एक बोर्ड. केलं. परत ब्रुकलिन. आणखी दोन. आणखी दोन. असं करत करत मी एवढा डावीकडे सरकलो की बॉल परत येतो त्या यंत्राला टेकलो, आणि शेजारच्या लेनवर एका मुलाचा वाढदिवस चालला होता त्यातल्या आजीने मला केक दिला. मी घेतला. तो प्रकार तरी सरळ होता.

वहीत: कोरडी लेन, बॉल अति उतावळा. लेनचा दोष. "लेनचा दोष" खाली दोन रेघा.

तिसरी परीक्षा खरी. व्यावसायिक खेळाडूंची जी संघटना आहे, पीबीए, तिने तेलाच्या पॅटर्नना, म्हणजे तेल कुठे किती लावायचं त्या आराखड्यांना, प्राण्यांची नावं दिली आहेत: चित्ता, विंचू, शार्क. त्यातलाच एक बॅजर, त्याचं तेल ५२ फूट लांब. एका सेंटरमध्ये रविवारी दुपारी सरावासाठी तसा पॅटर्न टाकला होता. रोजच्या लेनवर कडेला तेल कमी असल्यामुळे चुकून उजवीकडे गेलेला बॉल आपोआप परत येतो. म्हणजे सेंटरवाले आपल्याला गुपचूप हात देत असतात आणि आपण त्याला कौशल्य समजतो. असल्या पॅटर्नवर मध्ये आणि कडेला फारसा फरकच नसतो. हात सुटतो.

मी आकडेमोड करून गेलो होतो. एक नियम आहे: पॅटर्नच्या लांबीतून ३१ वजा करायचे, येईल तो बोर्ड बॉलने तेलातून बाहेर पडायचा. चाळिसातून एकतीस गेले, नऊ. ठीक. बावन्नातून गेले, एकवीस. एकविसावा बोर्ड म्हणजे लेनच्या मध्याच्याही पलीकडे. आणि बॉल लागायचा कुठे, तर साडेसतराव्यावर. म्हणजे बॉल आधीच पलीकडे गेलेला असताना त्याने वळून आणखी पलीकडे जायचं? मी तीनदा गणित केलं. अण्णा म्हणाले, नियम फार लांब तेलासाठी ढोबळच आहे, अर्थ एवढाच की कडेला जाऊ नकोस.

मी दहाव्या बोर्डावरच टाकला. सवय. बॉल सरपटत निघाला. मी वाट बघितली. चाळीस फूट झाले. पंचेचाळीस. त्याचं आपलं घसरणं चालूच. वळण्याचा विचार त्याच्या मनात आला असावा, पण तोवर तो गटरमध्ये होता. दुसरा, गटर. तिसरा कोपऱ्यातली दहा नंबरची पिन घेऊन गेला, रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून.

मी वही काढली आणि "तेल अतोनात" असं लिहायला घेतलं. अण्णांनी कप खाली ठेवला.

मग त्यांनी मोबाइल पुढे केला. चित्रीकरण संथ करून लावलेलं. पहिल्या बॉलवर आईची टिकली जवळजवळ एका जागी थांबलेली, गरगर फिरणाऱ्या बॉलच्या अंगावर स्थिर, भोवऱ्याच्या टोकासारखी. दुसऱ्यावर ती मोठं वर्तुळ मारत होती, मिक्सरमध्ये पडलेल्या शेंगदाण्यासारखी. तिसऱ्यावर ती आधी दिसलीच नाही, मग वर आली, मग गेली. अण्णांना टिकली कशाची हे ठाऊक नव्हतं. बॉल ज्या अक्षावर फिरतो त्याच्या टोकाशी खेळाडू पांढरी चिकटपट्टी लावतात, ती मी मरून रंगाची आणि मखमली आणली असा त्यांचा समज. "जागा अगदी बरोबर आहे," ते म्हणाले. "कोणी मापून दिली?"

मी मागच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. आई चकली खात होती.

बॉल हातात घेतला तर तेही लिहिलेलंच होतं. लेनवर फिरताना बॉलच्या अंगावर तेलाच्या कड्या उमटतात. हात एकसारखा सुटत असेल तर त्या एकाच घराण्यातल्या वाटतात. माझ्या एका फेकीच्या कड्या बोटांच्या भोकांपासून चांगल्या दूर होत्या, दुसरीच्या थेट आंगठ्याच्या भोकावरून. मधूनमधून जो खट्‌ खट्‌ आवाज येत होता आणि मी लेनचा सांधा समजत होतो, तो हा. तीन लेन तपासायच्या म्हणून मी दोन दिवस घालवले, आणि त्या प्रत्येक लेनवर वेगळाच कोणी माणूस खेळत होता.

घरी आल्यावर बॉल बादलीत टाकला. रेझिन तेल पितं, पीत राहिलं तर वळणं मंदावतं, म्हणून अधूनमधून गरम पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब घालून वीस मिनिटं बुडवायचा. थोड्या वेळाने त्याच्या अंगावर घामासारखे थेंब येतात आणि पाण्यावर तवंग धरतो. आई मोरीपाशी (इथे टब आहे, पण ती मोरीच म्हणते) उभी राहून बघत होती. तवंगावर बोट फिरवून तिने वास घेतला. "शेंगदाण्याचं नाही," असा निकाल दिला. टिकली पाण्यात सुटून वर आली होती. तिने ती पुसून पाकिटात परत ठेवली, मग माझ्याकडे बघून विचार बदलला आणि नवी काढली.

मंगळवारी अण्णांनी आईला विचारून स्वतःच्या बॉलसाठी एक घेतली, हिरवी. बाकी दोघांनीही घेतल्या. स्पर्धेच्या डावात बॉलवर काही चिकटवायचं नाही, म्हणून सरावाची दहा मिनिटं झाली की चार बाप्ये ओळीने उभे राहून टिकल्या काढायचे आणि समोरच्या टेबलाच्या कडेला लावून ठेवायचे, आपल्याकडे आरशाला असतात तशा. त्या रात्रीचे माझे डाव १२९, १४४ आणि १३१. वहीत मी लेनचा रकाना कोरा सोडला. तेल थोडं कमी होतं, पण ते असो.

परतताना गाडीत आईने मावशीला फोन लावला. "बरा आहे गं तो," ती सांगत होती. "खेळायला घेऊन गेला होता. अगं नारळासारखंच असतं, तेलावरून घरंगळवतात. हो, टिकली लावलेला." मग बराच वेळ पलीकडचं ऐकून घेतलं.

"नाही गं, फोडत नाहीत. परत येतो."