गॅप ठेवला की दुसरा घुसतो? घुसू दे की!

ऊसाचा गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापुरातनं गगनबावडा रोडला जावा, राधानगरी रोडला जावा, नाहीतर गारगोटी रोडला, चित्र एकच. पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, त्याच्या बुडाला चिकटलेली एक कार, कारच्या बुडाला दुसरी, आणि या दोघांच्या मधल्या फटीत एक मोटरसायकल. ओव्हरटेक सगळ्यांनाच करायचंय आणि पुढचं कुणालाच दिसत नाही.

चिकटून राहिलं की नंबर लवकर लागतो, असं लोकांना अगदी मनापासून वाटतं. उलट आहे राव. ट्रॉलीच्या पाच-सात मीटर मागं राहिलं की समोर नुसता ऊसच ऊस. पलीकडून एसटी येते का बघायला गाडीचं नाक उजवीकडं काढावं लागतं, म्हणजे एसटीच्या वाटेत तोंड घालूनच एसटी बघायची. तेच चाळीस-पन्नास मीटर मागं राहा. पुढचा रस्ता दिसतो, आणि मोकळा मिळाला की पिकअप घ्यायला जागाही असते. जोरात ओव्हरटेक करणारे बहुतेक मागं राहून वाट बघणारेच असतात.

हिशेब सोपा आहे. ताशी 60 च्या स्पीडला गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटर जाते. पुढचा थांबलाय हे डोक्यात शिरून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातो, म्हणजे सोळा ते पंचवीस मीटर ब्रेक न लागताच संपले. त्यानंतर कोरड्या डांबरावर गाडी उभी राहायला आणखी वीसेक मीटर. स्पीड दुप्पट केला तर ब्रेक लागल्यानंतरचं हे अंतर चौपट होतं. म्हणून पुढची गाडी एखाद्या झाडापाशी गेली की ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ म्हणायचं. तीन पुरं व्हायच्या आत आपण त्या झाडापाशी पोचलो तर आपण चिकटलोय. पावसात पाचपर्यंत मोजा. हंगामात तर पाऊस नसला तरी मोजा, कारण पाणी दिलेल्या रानातनं ट्रॅक्टर वर आला की चाकाचा चिखल डांबरावर पसरतो आणि टायर धरतच नाही.

त्यात ट्रॅक्टर काही कार नव्हे. मागच्या ट्रॉलीला ब्रेक लाईट पेटेलच असं नाही, कधी कधी ती ऊसाच्या वाढ्यात, म्हणजे शेंड्याच्या पाल्यात, झाकलेली असते. वर गाणी एवढी मोठ्यानं लावलेली की तुमचा हॉर्न त्या दादाला ऐकू जाणार नाही. चढाला ट्रॉली जोडायची पिन तुटली तर ट्रॉली सरळ मागं येते, आणि मागं कोण तर तुम्ही. शिवाय पंक्चर झालेल्या ट्रॉलीमागं दगड मांडतात, ते ठीक. पंक्चर निघतं, ट्रॉली जाते, दगड तिथंच! रात्री पुढचा शेवटच्या क्षणी कट मारून दगड चुकवतो. तुम्ही त्याला चिकटून असाल तर दगड तुम्हाला दिसतो तोच चाकाखाली. दाजीपूरच्या जंगलाकडं दगडाऐवजी गवा असतो, एवढाच फरक.

आता कट्ट्यावरचा नेहमीचा मुद्दा. “भावा, गॅप ठेवला की दुसरा घुसतोय.” घुसू दे की! एक जण मध्ये आला की आपण परत तीन सेकंद मागं सरकायचं. गगनबावड्यापर्यंत दहा जण घुसले तरी अर्ध्या मिनिटाचं नुकसान. वाटेत कळे गावात चहाला थांबलं की आपण वीस मिनिटं उठत नाही, तिथं कुणाला अर्ध्या मिनिटाचा हिशेब लागत नाही. ओव्हरटेक केलंय वाघानं म्हणे. वाघ पुढच्या गावच्या स्पीडब्रेकरला आपल्या पुढंच उभा असतो.

आणि आपल्याच मागं कोण अप्पर (हेडलाईटचा वरचा झोत) मारत चिकटला तर? काही जण अद्दल घडवायला मुद्दाम ब्रेक दाबतात. शुद्ध येडेपणा. मागून ठोकल्यावर चूक त्याची, पण मान आपली. शिवाय कारण नसताना अचानक ब्रेक मारायचा नाही, असाही नियम आहे. मी पुढच्या गाडीपासूनचं अंतर आणखी वाढवतो, म्हणजे मला करकचून थांबायची वेळ येत नाही. मग जागा बघून डावीकडं घेतो आणि हात दाखवतो. जा बाबा.

अंतर ठेवा असं कायदाही म्हणतो. 2017 च्या मोटार व्हेईकल्स ड्रायव्हिंग रेग्युलेशन्समध्ये आहे, पुढचा अचानक थांबला तरी धडक होणार नाही एवढं अंतर ठेवायचं. किती मीटर ते लिहिलेलं नाही, ते डोकं वापरून ठरवायचं. पण अमक्याला मागं चिकटला म्हणून पावती झाली, असं माझ्या ओळखीत तरी कुणी नाही. हेल्मेट दिसतं, सीटबेल्ट दिसतो, अंतर कोण मोजत बसणार?

ट्रॅक्टरवाल्या दादांना एवढंच सांगणं, मागच्या ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर लावा, वाढ्यात झाकू देऊ नका, आणि पंक्चर निघालं की दगड उचलून कडेला टाका. गाणी वाजू देत, त्याला आमची ना नाही.